खुडूक हाय का कुणाकडं?

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो, आणि सांगताना लाजत नाही. नांदेडला खोली करून राहिलो, हातानं भाकरी थापल्या, बी.एस्सी. झालो. पदवीचा कागद काच लावून भिंतीवर टांगला तेव्हा तो वाचू शकणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माय मात्र रोज सकाळी ती काच पदरानं पुसायची. पण तीन वर्षांच्या त्या पुस्तकांत जो शब्द मला एकदाही भेटला नाही, त्याच शब्दानं मला पुढं गल्लीगल्ली हिंडवलं. तो शब्द म्हणजे खुडूक.

खेड्यात वाढलेल्यांना तो समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गावरान कोंबडी दहा-बारा अंडी घालते आणि एक दिवस थांबते. अंग तापल्यासारखं गरम लागतं, पिसं फुलतात, जवळ गेलं की ती गुरगुरते आणि अंड्यांवरून उठत नाही. अंडी काढून घेतली तर रिकाम्या जागेवर बसून राहते. अशी कोंबडी खुडूक झाली म्हणायचं. तिच्याखाली अंडी ठेवली की एकवीस दिवसांनी पिल्लं.

माझी माय हिमायतनगरकडची. तिला दिली आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात. एवढ्या लांब कशी दिली, ती गोष्ट वेगळी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आली तेव्हा तिच्या मांडीवर एक टोपली होती, वर लुगड्याचा तुकडा बांधलेला आणि आत एक कवडी कोंबडी. कवडी म्हणजे काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाई, कोंबडीचं तिकीट काढावं लागंल." माय नवी नवरी, पण म्हणाली, "काढते की. मंग तिला शीट द्या बसायला." कंडक्टर हसला आणि पुढं गेला. तिकीट काढलं की नाही, ते माय अजून सांगत नाही.

त्या एका कोंबडीपासून आमच्या घरच्या सगळ्या कोंबड्या. तांबड्या निघाल्या, काळ्या निघाल्या, उघड्या मानेच्याही निघाल्या. पण प्रत्येक पिढीत एखादी तरी कवडी यायचीच. उसाचं बेणं राखतात तसं माय म्हणायची, "हे माझं बेणं हाय." शेत दादांचं, म्हणजे वडलांचं. बैल दादांचे. कोंबड्या मायच्या. पाहुण्यासाठी कोंबडा कापायचा तर दादासुद्धा आधी तिला विचारायचे आणि ती नाही म्हणाली तर पाहुणा पिठलं खाऊन जायचा.

त्या कोंबड्यांनी आमच्याकडं काही मागितलं, असं मला आठवत नाही. सकाळी मूठभर कण्या फेकल्या की दिवसभर उकिरडा, बांध आणि गोठा त्यांचा. वाळवी, गोम, टोळ, जे सापडेल ते खायच्या. उन्हाळ्यात बोरीच्या बुडाशी मातीत खड्डे करून त्यात पसरून पडायच्या. संध्याकाळी दारच्या कडुलिंबावर चढून बसायच्या. आभाळात घार दिसली की आई असलेली कोंबडी घशातून एक लांब आवाज काढायची आणि अंगणभर पसरलेली पिल्लं क्षणात नाहीशी व्हायची. कुठं गेली ते आपल्यालाही दिसायचं नाही. माझ्या वह्या, एसटीचा पास, परीक्षेची फी यातलं कितीतरी या कोंबड्यांनी भरलं. मला ते तेव्हाही माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

पदवी झाली, नोकरी लागली नाही. लातूरला तीन दिवसांचं कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण होतं, ते केलं. तिथलंही प्रमाणपत्र मिळालं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. घरामागं पत्र्याचं शेड ठोकलं आणि सुधारित जातीच्या तीस तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, आणि दोन कोंबडे आणले. प्रशिक्षणात सांगितलं होतं की खुडूक होणं हा दोष आहे. खुडूक कोंबडी बसून खाते आणि अंडी बुडवते. नेमकी त्याच आठवड्यात मायची कवडी खुडूक झाली. मी तिचे पाय धरले आणि हौदाच्या गार पाण्यात तिला तीनदा बुडवली.

माय भाकरी टाकून बाहेर आली.

"काय करून राहिलास रे?"

"खुडूक मोडायलोय. मोडली की लगेच अंड्यावर येती."

"कामून मोडायची? तुझ्या वक्ताला मला कुनी हौदात बुडवलं न्हवतं."

मी हसलो. कवडी मात्र हसण्यासारखी राहिली नव्हती. ओली, पिसं अंगाला चिकटलेली, ती भिंतीवर चढली आणि पलीकडं गेली. पुढं महिनाभर ती फक्त झोपायला लिंबावर यायची. मग एका संध्याकाळी तेवढीही आली नाही. मी म्हणालो, मुंगसानं नेली असेल.

चार दिवसांनी बाजार होता. सुधारित पक्ष्यांजवळ मोकाट कोंबड्या ठेवू नका, रोग आणतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यावर इलाज काय, तो मी माझ्या मनानं ठरवला. मायच्या आठ कोंबड्या आणि कोंबडा पाय बांधून बाजारात नेला आणि एकाच माणसाला सगळे देऊन टाकले. माय आडवी आली नाही. "तू शिकलेला हायस, तू बग," एवढंच म्हणाली. मी पाय बांधत होतो तेव्हा एकेकीला हात लावून पुटपुटत होती, "ही तांबडी... ही मानउघडी... ही आंधळीची लेक..." आणि शेवटी म्हणाली, "कवडी गेली ते बरं झालं. तिला बाजार तरी बगावा लागला न्हाई."

त्या संध्याकाळी लिंबावर काहीच नव्हतं.

नव्या कोंबड्यांची निंदा मी करणार नाही. रोज अंडं, मोठं अंडं, गुमान राहणार. पण आमच्याकडचा उन्हाळा त्यांनी पाहिलेला नव्हता. बाजारानंतरच्या आठवड्यात एका दुपारी लाईट गेली, शेडमधला पंखा थांबला. पत्रा असा तापला की हात लावला तर फोड यावा. कोंबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या. त्यांना ना मातीत खड्डा करता येत होता, ना झाडाखाली जाता येत होतं, आणि दार उघडलं तर बाहेर जायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मी आणि माय घागरीनं पत्र्यावर पाणी ओतत होतो. तरी अकरा मेल्या. माय टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिनं मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "माय, ह्यांचीच अंडी बसवू. मेल्यात तेवढ्या घरच्या घरी तयार होतील."

"बसवू की," माय म्हणाली. "पर बसनार कोन?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या एकोणीस कोंबड्यांपैकी एकीलाही अंड्यावर बसायचं ठाऊक नव्हतं. अंडं घालायचं आणि मागं न बघता निघून जायचं. ती गोष्ट त्यांच्यातून काढूनच टाकली होती, आणि मी प्रशिक्षणात तीच त्यांची थोरवी म्हणून वहीत लिहून आणली होती.

आमच्याकडं रीत अशी की आपल्या घरी खुडूक नसेल तर दुसऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं, "खुडूक हाय का?" असेल तर कोंबडी तीन आठवडे नेता येते, परत करताना दोन पिल्लं तिच्याबरोबर द्यायची. लहानपणापासून ही हाक मी आमच्याच दारात ऐकत आलो होतो. आता ती मला दुसऱ्यांच्या दारात द्यायची होती. बी.एस्सी. झालेला माणूस, हातात अंड्यांची टोपली.

पहिल्याच घरी म्हातारी म्हणाली, "खुडूक? ती तर तुमच्याकडूनच न्यायचो की आमी."

दुसऱ्या घरी नवी रंगीत पिल्लं आणलेली होती, योजनेतली. "ह्या बसत न्हाईत बाबा. ह्या नुस्त्या खात्यात."

तिसऱ्या घरची वहिनी चुलीपुढून उठलीही नाही. "भावजी, तुमाला नोकरी न्हाई, काम न्हाई, आन् अंग तर मोकळंच हाय. तुमीच बसा की एकवीस दिस!" आतल्या सगळ्या बाया खदखदून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पोरं मला बघितलं की "खुडूक हाय का, खुडूक?" म्हणून ओरडायला लागली.

हसू जिरल्यावर मला दुसरी गोष्ट उमगली. निम्म्या गल्लीची पिल्लं मायच्या कोंबड्यांखाली निघालेली होती. मी आमच्या घरच्या आठ कोंबड्या विकल्या असं मला वाटत होतं. मी गल्लीच्या आया बाजारात नेऊन आलो होतो.

मी मामीला फोन लावला, इस्लापूरला. मामाचं कुटुंब आता तिकडं असतं. म्हटलं, बेणं त्यांच्या घरचंच, तिथून पुन्हा आणू. मामी म्हणाली, "कुठली कवडी बाबा? इकडं बी सगळ्या बाजारच्याच हायेत आता. तुज्या मायलाच मागावी म्हणत होते मी एक जोडी." मी फोन ठेवला. माय दारात उभी होती.  न सांगताच तिला कळलं. तिनं माहेराहून आणलेलं बेणं माझ्या हातानं संपलं होतं.

आमच्या भिंतीपलीकडं अक्काचं घर. ते लोक लिंगायत, गळ्यात लिंग, सोमवार पाळणारे. अक्काचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांचं किराणा दुकान. त्या घरात अंडं शिजणं सोडा, अंडं हा शब्दही निघत नाही. आमच्या एखाद्या कोंबडीनं त्यांच्या गोठ्यात अंडं घातलं की अक्का भिंतीवरून मायला सांगायची, "तुमचं ते पडलंय बगा." जीभ विटाळू नये म्हणून जपून 'ते' म्हणायची.

कोंबड्या विकल्याला दोनएक आठवडे झाले असतील. एका सकाळी अक्का आमच्या दारात आली. घाईत होती, कपाळाची विभूती घामानं ओघळलेली.

"तुमचं एक माणूस आमच्याकडं राहून राहिलंय," ती मायला म्हणाली. "आता न्यायचं का ठिवायचं ते लवकर सांगा. ट्रॅक्टर आलाय."

"कोन माणूस?"

"कवडी की. गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत हाय. तीन सोमवार झाले, उठली न्हाई. दिसातून एकदा येती, मी कण्या टाकते, करवंटीत पाणी ठिवते. गप पिती आन् पुन्हा आत जाती. त्यांच्यावर बसलीय. अकरा हायेत."

मायनं तोंडावर हात धरला. मी म्हणालो, "अक्का, मग सांगितलं का न्हाई?"

अक्कानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला सांगू? तू बुडवलेली मी भिंतीवरून बगितली व्हती. आन् बाजाराच्या दिशी तू सगळ्यांचे पाय बांधताना बगितला, तवा मी म्हटलं, हे तोंड आता उघडायचं न्हाई."

मी मनात हिशेब केला. ती अकरा अंडी कवडीनं बाजाराच्या आधी घातलेली होती. म्हणजे त्यांच्यात विकलेल्या कोंबड्याचंही रक्त होतं. मायचं बेणं, जेवढं म्हणून उरलं होतं, ते त्या गंजीत होतं.

आम्ही धावत पलीकडं गेलो. अप्पांनी कडबा विकला होता. ट्रॅक्टर लागलेला, दोघे गडी गंजीवर चढून पेंढ्या खाली फेकत होते. गंजी निम्मी उतरली होती. खाली, भिंतीच्या कोपऱ्यात, पेंढ्यांच्या फटीत मला ती दिसली. जमिनीला चिकटून चपटी झालेली, डोळा न हलवता आमच्याकडं बघत होती. वरून धुरळा पडत होता, पेंढ्या दणादणा आदळत होत्या आणि ती उठत नव्हती. हिला मी हौदात बुडवून शहाणी करायला निघालो होतो.

"टोपली आणतो," मी म्हणालो. "अलगद उचलून घरी नेऊ."

"हात लावू नको!" माय खेकसली. ती माझ्यावर ओरडलेली मला फार आठवत नाही. "दोन दिसांवर आलंय. जागा हलली तर उठंल, आन् उठली तर आतल्या आत मरतील सगळी."

अक्का अप्पांकडं वळली. "तेवढा खालचा थर राहू द्या."

"सौदा झालाय," अप्पा म्हणाले. "गंजी सगळी दिलीय. आन् एका कोंबडीपायी? आपल्या दारात? उद्या गाव म्हणंल, अप्पानं कोंबड्या पाळल्या."

"गाभण गाय बसलेली आसती तर खालचा कडबा वढला आसता का?"

"गाय आन् कोंबडी एक हाय का?"

"पोटुशीला काय, गाय आन् कोंबडी," अक्का म्हणाली. "मी तीन सोमवार तिला पाणी पाजलंय. तुमी कडबा काडा, मंग मी बी दोन दिस स्वयंपाकघरात जात न्हाई. बगू कोन उठतंय आदी."

गंजीवरचे गडी थांबले होते, दात काढत होते. ज्यानं कडबा घेतला तो माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अप्पा. मी परवाच्याला येऊन नेतो राहिलेला." अप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "दोन दिस," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी मी काय बगनार न्हाई." आणि दुकानाकडं निघून गेले.

वरची गंजी गेल्यावर सावली गेली. ऊन थेट तिच्यावर येत होतं. मी माझ्या शेडचं हिरवं जाळीचं कापड काढून आणलं, चार मेखा ठोकल्या आणि तिच्यावर मांडव घातला. तेवढं एकच काम मला कुणी न सांगता नीट जमलं. संध्याकाळी वळवाचं आभाळ आलं, गडगडायला लागलं. गडगडाटानं अंडी बिघडतात, जवळ लोखंड ठेवावं, असं आमच्याकडं मानतात. माय खिळा शोधत पलीकडं गेली तर पेंढ्यांत आधीच एक विळा खोचलेला होता. अक्काचा. त्यात शास्त्र काय ते मला बी.एस्सी.त कुणी शिकवलेलं नाही. विळा मी काढला नाही.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीच्या वेळी पाण्यालाही उठली नाही. अक्कानं करवंटी तिच्या चोचीशी सरकवली. माय म्हणाली, "आता आवाज येत आसंल तिला आतून." मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या सकाळी अप्पाच भिंतीवरून ओरडले, "ओ वैनी, या, तुमची फौज निघाली!"

अकरातली नऊ फुटली होती. कवडी उठून उभी होती, पिसं दुप्पट फुगवलेली, आणि तिच्या पोटाखालून पाय नि चोची बाहेर येत होत्या. सात पिवळी-तांबडी होती. दोन काळी, डोक्यावर पांढरा ठिपका असलेली. माय खाली बसली. त्यातलं एक काळं तळहातावर घेतलं, त्याचा ठिपका अंगठ्यानं पुसून बघितला. मग म्हणाली, "हीच ती." पंचवीसएक वर्षांपूर्वी टोपलीतून आणलेल्या कोंबडीबद्दल ती बोलत होती, हे फक्त मला कळलं.

अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "झालं का बगून? आता माझा वाटा बोला."

आमच्याकडं कोंबडी एकाची आणि सांभाळली दुसऱ्यानं तर पिल्लं निमवाट्यानं वाटतात. पण ज्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत तिथून वाटा मागितला जाईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, तुमी काय करनार पिल्लांचं?"

"खायचं न्हाई, घाबरू नको. उन्हाळा लागला की आमच्या गोठ्यात विंचवांचा सुळसुळाट. ही गोठ्यात यायला लागल्यापासून एक दिसला न्हाई. गाय बिनघोर बसती आता."

माझ्या मनात आलं, आधीच नऊ, त्यातली निम्मी दिली तर बेणं वाढायचं कधी? मी मायला बाजूला घेऊन तसं म्हणालो. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"बेणं एका घरात ठिवू न्हाई. एका घरातलं बेणं एका माणसाच्या डोक्यानं जातं."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

पिल्लं मोठी होईपर्यंत आईपासून तोडता येत नाहीत, म्हणून वाटणी खुणेनं करतात. मायनं लाल दोरा आणला. चार पिल्लांच्या पायात अक्काच्या नावानं दोरा बांधायचा होता, आणि दोन काळ्यांपैकी एक तिनं आपण होऊन अक्काच्या बाजूला सरकवलं. अक्का नको नको म्हणायला लागली. "तुमच्या माहेरचं हाय ते." माय म्हणाली, "म्हून तर देते." मी दोरा धरत होतो, माय गाठी मारत होती, कवडी आम्हा दोघांच्या हातांवर चोची मारत होती. माझ्या मनगटावर रक्त आलं. दोरा सोडला नाही.

चार तिकडं, चार इकडं. नववं उरलं. अक्का म्हणाली तुमचं, माय म्हणाली तुमचं. दोघी हट्टाला पेटल्या. तेवढ्यात अप्पा दुकानाला कुलूप लावून परत आले, धोतराचा सोगा सावरत खाली वाकले आणि ते पिल्लू न शिवता, दुरूनच, डोळे बारीक करून निरखायला लागले.

"असं करा," ते म्हणाले. "कोंबडा निघाला तर तुमचा. कोंबडी निघाली तर आमची."

माय हसली. बाजारापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

"चालंल," ती म्हणाली.